वंदन कुठे करायचं

आमच्या विहाराच्या महिला मंडळाने श्रीलंकेला जायचं ठरवलं आणि मुक्काम आखायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत पाली शिकवली, शिवाय मिस्टर होते तेव्हा त्यांच्यासोबत तिकडे जाऊन आले आहे. आधी एका टूरवाल्याकडून छापील कार्यक्रम आणलेला होता. नेगोंबो, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एला, बेंटोटाचा किनारा, शेवटी कोलंबोत खरेदी. मधे सीता अम्मन मंदिर आणि रावण धबधबा. अनुराधापूरचं नावच नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळालं, तिकडे जुने स्तूपच आहेत, लोक कंटाळतात. मी तो कागद बाजूला ठेवला आणि कोरी वही काढली.

बेट आपल्या विदर्भापेक्षाही लहान आहे, पण रस्ते वळणाचे आणि गाडी सावकाश चालते, म्हणून नकाशावर बोटभर दिसणारं अंतर अर्धा दिवस खातं. त्यात पाऊस दोन. मे ते सप्टेंबर नैऋत्येकडचा किनारा आणि डोंगर भिजतात. वर्षअखेरीला उत्तर आणि पूर्व भिजते. आम्ही ज्येष्ठ पौर्णिमा धरली. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, त्यामुळे नातवंडं सांभाळणाऱ्या बायकांना तेव्हाच मोकळीक असते, आणि त्या दिवसांत उत्तरेचा अनुराधापूरचा भाग कोरडा असतो. खरं कारण मात्र वेगळं. ती त्यांची पोसोन पौर्णिमा. सम्राट अशोकाचा मुलगा महिंद याच पौर्णिमेला मिहिंतलेच्या टेकडीवर राजा देवानंपिय तिस्साला भेटला, असं लंकेचा पाली इतिहासग्रंथ महावंस सांगतो. इकडे त्या दिवशी बायका वडाला सूत गुंडाळतात. तिकडे पांढऱ्या कपड्यांतल्या बायका कमळं घेऊन अनुराधापूरच्या पिंपळाकडे चालत असतात. आमच्या बायकांना त्या गर्दीत असायचं आहे. राहायला जागा मिळणं त्यामुळे अवघड होणार, तरी मी तारीख बदलली नाही.

या तारखेमुळे श्रीपाद पर्वत सुटला. तिथला चढाईचा हंगाम डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत असतो. जूनमध्ये वर वारा, धुकं आणि पाऊस. २२४३ मीटरवर एका खडकावर पावलाचा ठसा आहे. बौद्ध तो बुद्धाचा मानतात, हिंदू शिवाचा, मुसलमान आदमचा, आणि ख्रिस्ती लोकांतही आदमचा किंवा संत थॉमसचा मानणारे आहेत. चार धर्मांची माणसं एकाच पायऱ्यांवरून रात्रभर चढतात आणि उजाडताना वर पोचतात. ही गोष्ट मला फार आवडते. तरी तो सुटल्याची खंत वाटली नाही, कारण तिथे मला काय करायचं असतं हे माझं मला ठरवता आलं नव्हतं.

वहीत मी दोन प्रकारे लिहीत होते. जिथे आम्ही वंदना घेणार ते ठिकाण निळ्या शाईत, जिथे नुसतं पाहणार ते पेन्सिलीने. माझी भाची बँकेत आहे, हॉटेलं आणि व्हिसा तीच बघते. ती म्हणाली, "मावशी, पाहताना ज्याला वाटेल तो हात जोडेल. आधीपासून कशाला ठरवायचं?" पण आमच्यासाठी हे आधीच ठरवण्यासारखं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे, नागपुरात, आमच्या आई-वडिलांनी बाबासाहेबांच्या मागोमाग बावीस प्रतिज्ञा घेतल्या. कोणाला देव मानणार नाही, कोणाची पूजा करणार नाही, हे त्यांनी उभं राहून मोठ्याने म्हटलं. ज्या माणसांना हजार वर्षं कुठे वाकायचं हे दुसऱ्यांनी सांगितलं, त्यांनी त्या दिवशी ते स्वतःच्या हातात घेतलं. ते मी गाईडच्या हातात कसं देऊ?

आणि श्रीलंकेत हा प्रश्न पावलोपावली समोर येतो. दंबुल्लाच्या लेण्यांत बुद्धमूर्तींच्या ओळी आहेत आणि त्यांच्यातच विष्णूचीही मूर्ती आहे. कँडीत बुद्धाच्या दंतधातूच्या मंदिराच्या आसपास नाथ, विष्णू, पत्तिनी आणि कतरगम यांची चार देवालयं आहेत. एसल पेरहेराच्या मिरवणुकीत त्या देवांचे हत्ती दंतधातूच्या हत्तीमागून चालतात. तिथल्या बौद्ध माणसाला यात काही विसंगत वाटत नाही. त्याच्या लेखी विष्णू हा बुद्धशासनाचा रक्षक आहे, बुद्धाहून खालचा. आजार, परीक्षा, कोर्टकचेरी यांसाठी देव, निब्बाणासाठी बुद्ध. मागच्या वेळी एका म्हाताऱ्या उपासिकेने मला हे इतक्या सहज समजावलं की मला तिचा रागही आला नाही. तिला या देवाने कधी दारात अडवलेलं नाही. आमच्याकडे नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी १९३० पासून माणसं वर्षानुवर्षं उभी राहिली आणि दार उघडलं नाही. देव तोच असला तरी तिची आणि माझी त्याच्याशी ओळख वेगळ्या ठिकाणी झाली आहे. म्हणून दंबुल्ला मी निळ्या शाईत लिहिलं, कारण लेण्यांत बुद्ध आहे. चारही देवालयं पेन्सिलीने. इथवर मला अडचण आली नाही.

अडचण बुद्धाच्या नावाने असलेल्या ठिकाणांचीच आहे.

महापरिनिब्बाण सुत्तात बुद्धाने श्रद्धावान माणसाने पाहावीत अशी चार ठिकाणं सांगितली आहेत: जिथे जन्म झाला, जिथे बोधी मिळाली, जिथे पहिलं प्रवचन झालं आणि जिथे शेवट झाला. लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशिनारा. लंकेतलं यात एकही नाही. महावंस म्हणतो की बुद्ध तीनदा लंकेला आले, महियंगणला, नागदीपला आणि कल्याणीला. याला इतिहासाचा आधार नाही, आणि आधार नसलेलं मानायचं नाही हे आम्ही बुद्धाकडूनच शिकलो. मग तिथे जायचं कशासाठी?

कालिंगबोधि जातकाच्या सुरुवातीला आनंद हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारतो. भगवान जेतवनात नसतात तेव्हा फुलं घेऊन आलेल्या लोकांनी ती कुठे वाहायची? बुद्ध तीन प्रकारची चैत्यं सांगतात. शरीराच्या अवशेषांची, वापरातल्या वस्तूंची आणि आठवणीसाठी केलेली. अवशेषांचं चैत्य जिवंतपणी शक्य नाही. आठवणीसाठी केलेल्याला वस्तूचा आधार नाही, ते मनावरच उभं. ज्याच्या सावलीत बोधी मिळाली तो वृक्ष मात्र चालेल, बुद्ध असताना आणि नसतानाही. मग बोधगयेचं बी आणून जेतवनाच्या दाराशी लावलं जातं.

मला हे उत्तर अनुराधापूरला पुरेसं वाटतं. तिथला जय श्री महाबोधी हा बोधगयेच्या वृक्षाच्या फांदीपासून वाढला; ती फांदी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात महिंदाची बहीण संघमित्रा घेऊन आली. फांद्या सोनेरी टेकूंवर तोलून धरलेल्या आहेत आणि सर्वांत वरच्या ओट्यावर कोणाला जाता येत नाही. खाली वाळूत बसलेल्या बायका कमळाची पाकळी न् पाकळी बाहेर दुमडतात, आतला पिवळा गाभा उघडा होईपर्यंत, आणि मगच ते फूल वाहतात. माझ्या शेजारी बसलेल्या एका मुलीने माझ्या हातातलं कळीसारखं मिटलेलं कमळ काढून घेतलं, दुमडून दिलं आणि एक शब्द न बोलता परत आपल्या फुलाकडे वळली. आमच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही याच झाडाचं रोप. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी ते अनुराधापूरहून आणलं. त्यामुळे नागपूरच्या बाईला या झाडापुढे परकं वाटत नाही. हे ठिकाण मी निळ्या शाईत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

पण महापरिनिब्बाण सुत्तात बुद्ध आनंदला आणखी एक सांगतात. मी गेल्यावर शास्ता राहिला नाही असं समजू नका. जो धम्म आणि विनय सांगितला तोच यापुढे तुमचा शास्ता. हे धरलं तर आमच्या प्रवासातलं सर्वांत वंदनीय ठिकाण कोणतं? मी खूप विचार करून अलुविहार लिहिलं. दंबुल्लाहून कँडीला जाताना मातलेच्या अलीकडे, हमरस्त्याला लागूनच ते लागतं, आणि बहुतेक बसगाड्या ते ओलांडून पुढच्या मसाल्याच्या बागेत थांबतात. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात दुष्काळ पडला, लढाया झाल्या, तिपिटक मुखोद्गत असलेले भिक्खू मरू लागले. उरलेल्यांना भीती वाटली की आपल्यासोबत बुद्धाचे शब्दही जातील. परंपरा सांगते की वट्टगामणी राजाच्या काळात इथल्या खडकांच्या कपारीत बसून त्यांनी ते पहिल्यांदा ताडपत्रावर लिहून काढले. १८४८ च्या उठावात इंग्रजांनी इथला ग्रंथसंग्रह नष्ट केला. आजही तिथे लिहून दाखवतात. लोखंडी टोकाने पानावर अक्षर कोरतात, तेव्हा काहीच दिसत नाही; मग काजळी आणि तेल चोळून पुसलं की अक्षर काळं होऊन वर येतं. मी शाळेत जी पाली शिकवली, तिच्यातला शब्द न् शब्द या कपारीतून आलेला आहे. पाहण्यासारखं तिथे थोडंच आहे. मला तिथे दुपारभर थांबायचं आहे.

धर्मानंद कोसंबी याच शब्दांसाठी १९०२ मध्ये लंकेला गेले. गोव्यातल्या सांखवाळचा मुलगा, हातात पैसा नाही, आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी जाऊन पाली शिकला. मराठीत बुद्ध जो आला त्याची वाट तिथून येते. म्हणून कोलंबोत खरेदीच्या आधी त्या परिवेणाचं मालिगाकंद घातलं. भाचीने कपाळावर हात मारला, पण घातलं.

बाबासाहेब १९५० मध्ये श्रीलंकेला गेले, जागतिक बौद्ध परिषदेच्या वेळी. तिथल्या लोकांच्या जगण्यात बुद्धाचा धम्म कितपत जिवंत आहे, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. आपणही त्याच नजरेने जावं, असं मी मंडळाच्या बैठकीत म्हटलं, आणि त्या नजरेने पाहिलं की कँडीबद्दल गप्प बसता येत नाही. दंतधातू ज्यांच्या ताब्यात आहे ते मल्वत्त आणि अस्गिरिय महाविहार सियाम निकायाचे. १७५३ मध्ये सयामहून भिक्खू आणून लंकेत उपसंपदा, म्हणजे भिक्खूची दीक्षा, पुन्हा सुरू झाली तो हा निकाय. थोड्याच काळात तो गोविगम जातीपुरता राहिला, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या मानल्या जाणाऱ्या जातीपुरता. बाकीच्यांना उपसंपदेसाठी ब्रह्मदेशात जावं लागलं. तिथून परतून त्यांनी १८०३ मध्ये अमरपुर निकाय उभा केला. ज्या संघात न्हावी उपालीला शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रवेश दिला गेला, त्या संघात जात विचारली जाते. हे मी सांगितलं तेव्हा बैठकीत कोणी बोललं नाही. मग एक बाई म्हणाली, "मी त्या मंदिरात पाय ठेवणार नाही. दात कोणाचाही असो."

आमच्यातल्या सर्वांत थोरल्या आजींचं मत उलट पडलं. "पोरी, तू विष्णूपुढे हात नको जोडू. पण बुद्धापुढे जोडतानी बाजूनं कोण उभा हाये, हे कायले पाहतं? माह्या बुद्धाले त्यायच्या जातीचा इटाळ होते काय?" आजी स्वतः दीक्षेच्या दिवशी आईच्या कडेवर होत्या. त्यांचं म्हणणं मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे, कारण मला त्याला उत्तर सापडलेलं नाही. माझ्यापुरतं मी कँडी पेन्सिलीने लिहिलं. त्यांच्यासाठी शाईने. कार्यक्रमाच्या कागदावर कँडीच्या सकाळपुढे लिहिलं आहे, प्रत्येकीने आपलं ठरवायचं. ज्यांना आत जायचं नाही त्यांच्यासाठी तळ्याकाठी दोन तास धरले आहेत.

आणि तरीही कँडी मला सर्वांत कठीण वाटलं नाही. कठीण आहे रुवनवेलिसाय.

अनुराधापूरचा तो पांढराशुभ्र महास्तूप दुट्ठगामणी राजाने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात बांधायला घेतला. पूर्ण व्हायच्या आधी तो मरणाला टेकला, तेव्हा भावाने अर्धवट स्तूपाला पांढऱ्या कापडाने झाकून तो पुरा झालेला त्याला दाखवला. ही गोष्ट सांगताना गाईडचाही गळा भरून येतो. पण महावंसाच्या पंचविसाव्या परिच्छेदात आणखी एक गोष्ट आहे आणि ती गाईड सांगत नाही. या राजाने चोळ राजा एळाराला युद्धात मारलं. विजयानंतर त्याला झोप येईना. लाखो माणसं मारली, आता मनाला शांती कशी मिळेल, असं तो विचारू लागला. तेव्हा अरहंतांनी येऊन त्याला समजावलं की तुझ्या हातून फक्त दीड माणूस मेला. एकाने त्रिसरण घेतलं होतं तो अर्धा, दुसऱ्याने पंचशीलही घेतलं होतं तो पूर्ण. बाकीचे मिथ्यादृष्टीचे, पशूंसारखे.

दीड माणूस. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. आमची माणसंही शतकानुशतकं कोणाच्या तरी हिशेबात अर्धी होती, किंवा नव्हतीच. तो हिशेब नाकारायला आम्ही बुद्धाकडे आलो. आणि इथे बुद्धाचंच नाव घेऊन तोच हिशेब मांडलेला आहे. हे सांगणारे अरहंत असूच शकत नाहीत, असं मी ठामपणे मानते. ज्याचा राग, लोभ आणि मोह संपला, त्याच्या तोंडून हे वाक्य येणार नाही. ते विजेत्या राजाला हवं होतं म्हणून कोणीतरी लिहिलं. पण १९८३ ते २००९ या, सरकार आणि तमिळ वाघ यांच्यातल्या युद्धाच्या वर्षांत दुट्ठगामणी आणि एळाराची ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवली गेली, आणि माणसं खरोखर मेली. दोन्ही बाजूंची. १९८५ मध्ये तमिळ वाघांनी याच महाबोधीच्या आवारात वंदना करणाऱ्यांना गोळ्या घातल्या; १९९८ मध्ये दंतधातूच्या मंदिरावर बॉम्बने भरलेला ट्रक घातला. मारणाऱ्याकडे प्रत्येक वेळी आपला हिशेब तयार असतो.

त्याच महावंसात याचं उत्तरही आहे, म्हणून मी ते पुस्तक फेकून देत नाही. मिहिंतलेला महिंद राजाला पहिल्यांदा भेटतो तेव्हा तो लगेच उपदेश करत नाही, शरण ये म्हणत नाही. समोरच्या आंब्याकडे बोट दाखवून विचारतो, हे कोणतं झाड? आंबा. याखेरीज आणखी आंबे आहेत? पुष्कळ आहेत. आंब्यांखेरीज दुसरी झाडं? तीही आहेत. ते आंबे आणि ती झाडं सोडून आणखी काही? राजा म्हणतो, हा आंबा आहे की. मग महिंद माणसांबद्दल विचारतो. तुला नातेवाईक आहेत? नातं नसलेले आहेत? ते दोन्ही सोडून आणखी कोणी? आणि राजा उत्तर देतो, मी आहे. लंकेतलं धम्माचं पहिलं संभाषण हे आहे. सगळी माणसं त्यात मोजली गेली, नात्यातली आणि परकी, आणि मोजणाराही. अर्धा त्यात कोणी नाही. त्यामुळे मिहिंतलेच्या टेकडीवर, पोसोनच्या गर्दीत, आमच्या सगळ्या बायका त्रिसरण-पंचशील घेतील, आणि त्यावर आमच्यात दुमत नाही.

रुवनवेलिसायपाशी काय करायचं हे ठरवताना, दुसरी बाजूही पाहावी म्हणून, मला तमिळांचं जाफना घालावंसं वाटलं. अनुराधापूरहून रेल्वेने उत्तरेला जाता येतं. एला आणि बेंटोटा त्यासाठी खोडले. डोंगरातली आगगाडी आणि समुद्र गेल्यामुळे काही जणी नाराज झाल्या. "आपण बुद्धाच्या देशात चाललो, तमिळांच्या गावात आपलं काय आहे?" असं एकीने विचारलं. मी म्हटलं, वाचनालय आहे. १९८१ च्या जूनमध्ये जाफनाचं सार्वजनिक वाचनालय जाळलं गेलं तेव्हा सत्त्याण्णव हजारांच्या आसपास पुस्तकं आणि हस्तलिखितं गेली, त्यात पुन्हा न मिळणारी ताडपत्रंही होती. जाळणाऱ्या जमावात पोलीस होते. पुढे ते पुन्हा बांधलं, २००३ पासून लोक तिथे वाचायला बसतात. ज्या बेटावर शब्द नष्ट होतील या भीतीने भिक्खूंनी कपारीत बसून ताडपत्रं कोरली, त्याच बेटावर ताडपत्रं जाळली. अलुविहारला वाकून जाफना वगळणं मला जमणार नाही. पुस्तकांसाठी राजगृह हे घर बांधणाऱ्या बाबासाहेबांच्या आम्ही मुली आहोत. हे मी म्हटल्यावर विरोध बराच मावळला.

जाफनाहून होडीने नैनातीवू बेटावर एक सकाळ. तिथे नागदीप विहार आहे आणि चालत जाण्याच्या अंतरावर नागपूषणी अम्मनचं मोठं मंदिर आहे. एकाच होडीतून सिंहली उपासक आणि तमिळ भाविक उतरतात. विहार निळ्या शाईत, मंदिर पेन्सिलीने, पण मंदिरासाठी वेळ मी मुद्दाम जास्त धरला आहे. हात जोडायचे नसले तरी दुसऱ्याच्या श्रद्धेसमोर चप्पल काढून उभं राहायला काही प्रतिज्ञा आड येत नाहीत.

आता एक जागा उरली आहे, एळाराची समाधी. मारल्यानंतर दुट्ठगामणीने त्याचे अंत्यसंस्कार सन्मानाने केले आणि तिथून जाताना वाद्यं थांबवायची असा नियम घातला, असंही महावंसच सांगतो. एळारा बौद्ध नव्हता, पण न्यायी होता, हेही तोच सांगतो. वासराला रथाखाली चिरडलं म्हणून स्वतःच्या मुलाला शिक्षा देणारा. अनुराधापूरला दक्खिण थूप नावाचा विटांचा मोठा ढिगारा आहे, त्यालाच लोक कित्येक पिढ्या एळाराची समाधी म्हणत आले. ढिगारा खरा कोणाचा हा वाद अभ्यासकांचा. रुवनवेलिसायला फुलं वाहायची तर आधी इथे यायचं, असा माझा प्रस्ताव आहे. भंतेजींना विचारलं. ते म्हणाले, "ताई, आधी तुमच्या बायकांना तो परिच्छेद वाचून दाखवा. न वाचता वंदन नको आणि न वाचता नकारही नको."

येत्या रविवारी विहारात पंचविसावा परिच्छेद मराठीत वाचायचा आहे. मी भाषांतर करत बसले आहे, युद्धाच्या वर्णनापर्यंत आले आहे. अनुराधापूरला दोन रात्री लागतील की तीन, हे त्यानंतर ठरेल. भाचीने खोल्या तूर्तास तीन रात्रींसाठी धरून ठेवल्या आहेत.